खाली ठेवलेला फिंजान

आमच्या मोसुल शहरात कडू कॉफी तहान भागवायला पीत नाहीत, बोलायला पितात. फिंजान म्हणजे कान नसलेला, चिमणीचीही तहान भागणार नाही एवढासा कप. पिऊन झाल्यावर पाहुण्याने मनगट जरासं हलवून तो परत दिला, की समजायचं, गडी तृप्त झाला, आता नको. पण भरलेला फिंजान ओठाला न लावता त्याने समोर खाली ठेवला, की समजायचं, याचं आपल्याकडे काम आहे. मग यजमानाने विचारायचं, “काय गरज आहे?” पाहुण्याने सांगायचं. यजमानाने म्हणायचं, “पी, झालं समज.” आणि एकदा म्हटलं की ते करायचं, मग घर विकावं लागलं तरी. पाहुणा पीत नाही तोवर यजमानाच्याही घशाखाली घोट उतरत नाही, असं आमचे आजे-पणजे सांगायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्यांची बोलायची रीत असेल.

डॉक्टर झन्नूननाही तसंच वाटायचं. त्यांनी तर या रिवाजावर जाडजूड प्रबंध लिहिला होता.

झन्नून विद्यापीठात इतिहास विभागाचे प्रमुख होते. गोल चेहरा, मऊ आवाज, आणि कुणालाही न दुखवता सभा संपवण्यात पटाईत. विभाग ज्यांनी सुरू केला ते एका टोळीच्या शेखांचे चिरंजीव होते, आणि त्यांनी एक नियम घालून दिला होता: दर मंगळवारी सगळ्या प्राध्यापकांनी वाचनकक्षात जमायचं आणि प्रमुखाने स्वतःच्या हाताने कॉफी ओतायची. शिपायाने नाही, प्रमुखाने. म्हणजे मंगळवारी प्रमुख हा यजमान, आणि बाकीचे पाहुणे. झन्नून डाव्या हातात पितळी दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची सुरई, धरून, त्याच्या चोचीतून उंचावरून धार सोडत, आणि एक थेंब बाहेर सांडत नसे. पोरं चोरून बघायला यायची.

भिंतीवर अर्थातच तसबीर होती. तेव्हा प्रत्येक भिंतीवर होती, न्हाव्याच्या दुकानात तर दोन. नाव घ्यायची छाती कुणाला नव्हती, म्हणून लोक आपसात नुसतं ‘भिंतीवरचे’ म्हणत. त्या वर्षी भिंतीवरच्यांना भिंत पुरेनाशी झाली आणि विद्यापीठाच्या आवारात त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. चांगला दोन मजली. नाक एवढं मोठं की त्याच्या सावलीत तीन विद्यार्थी बसून डबा खात.

सगळा घोटाळा त्या नाकाने केला.

मुवफ्फक हा विभागातला सगळ्यात तरुण प्राध्यापक. उंच, काटकुळा, बोलायला सुरुवात करण्याआधी दोनदा बारीक खोकायचा. नदीपलीकडच्या निनवेच्या जुन्या राजांबद्दल शिकवताना तो वर्गात म्हणाला, “जो राजा जिवंतपणी स्वतःचे पुतळे उभारतो, त्याच्या पुतळ्यांची नाकं सगळ्यात आधी फुटतात.” वर्गातल्या कुणीतरी खिडकीतून बाहेर पाहिलं. कुणीतरी हसलं. आणि कुणीतरी संध्याकाळी जाऊन सांगायचं तिथे सांगितलं.

आता खरी गोम ऐका. ते वाक्य मुवफ्फकचं नव्हतंच. ते झन्नूनांचं होतं. तरुणपणी, आवारात नुसता गवताचा तुकडा होता तेव्हापासून, ते दरवर्षी हेच वाक्य वर्गात म्हणत आले होते. पोरं माना डोलवत. मुवफ्फक त्यांचाच विद्यार्थी. गुरूकडून जसं मिळालं तसंच त्याने पुढे दिलं. पुतळा उभा राहिल्यावर झन्नूननी मात्र तो धडा गुपचूप मुवफ्फकच्या गळ्यात मारला होता. “तुझा आवाज चांगला आहे, तू घे,” म्हणाले होते.

पुढच्या मंगळवारी मुवफ्फक खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला. झन्नूननी ओतली. मुवफ्फकने फिंजान घेतला, दोनदा खोकला, आणि तो तसाच भरलेला समोर टेबलावर ठेवला.

टक.

एवढ्याशा आवाजाने वाचनकक्षातलं पाखरूही गप्प झालं असतं. नाणी वाचणाऱ्या डॉक्टर नझीहांनी मान वर केली. म्हातारे इद्रीस, ज्यांना एका कानाने ऐकू येत नसे, पण कुठल्या कानाने ते प्रसंग पाहून ठरत असे, त्यांनी दोन्ही डोळे मिटले. भिंतीवरच्यांच्या पक्षातर्फे विभागात बसवलेले कॉम्रेड मिझहिर मिशीवरून बोट फिरवत राहिले. मुवफ्फकला काय हवंय ते सगळ्यांना कळलं होतं. एकच गोष्ट हवी होती: हे वाक्य या विभागात वर्षानुवर्षं शिकवलं जातं, एवढं प्रमुखांनी सांगावं.

झन्नूननी त्या फिंजानकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “हां, तर परीक्षेचं वेळापत्रक.”

सभा संपली. मुवफ्फक उठला, सगळ्यांना सलाम करून गेला. गुरुवारी त्याला घरातून उचलून नेलं.

त्यानंतरच्या मंगळवारी झन्नूननी जेवढी माणसं होती तेवढेच फिंजान मांडले आणि ओतायला लागले. ओतून वळून बघतात तो खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर एक फिंजान उभा. काठोकाठ भरलेला. वर वाफेची बारीक दोरी.

“हे कुणी ठेवलं?” झन्नून हळूच म्हणाले.

“काय?” इद्रीस म्हणाले.

“काही नाही,” नझीहा म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची खिडकीपासून दूर ओढली.

मिझहिर तेवढे उठले. “कुणाचा तरी वात्रटपणा आहे,” म्हणाले, फिंजान उचलला, चटका बसून शिवी घातली, आणि खिडकीबाहेर उपडा केला. खाली नारिंगीचं झाड होतं. कॉफी पडायला लागली. पडत राहिली. दोन घोटांचा तो कप, पण त्यातून काळी धार सुतासारखी सरळ खाली लागून राहिली, थांबेचना. मिझहिर आधी हसले, मग हात बदलला, मग दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, कपाळावर घाम. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा धार तुटली. त्यांनी फिंजान आपटून टेबलावर ठेवला. तो भरलेला होता.

त्या झाडाच्या नारिंग्या त्या वर्षी सोलल्या की वेलदोड्याचा वास यायचा. माझ्यावर विश्वास नसेल तर मोसुलात कुणालाही विचारा. मात्र हळू आवाजात विचारा.

मंगळवारामागून मंगळवार गेले. फिंजान तिथेच. बुधवारीही वाफ, शुक्रवारी विभागाला कुलूप असतानाही वाफ. थंडी पडली, खिडकीची सगळी तावदानं धुक्याने भरली, पण त्या खुर्चीमागचं तावदान स्वच्छ राहायचं, जणू कुणी पाठ टेकून बसलंय. विज्ञान शाखेच्या एका प्राध्यापकाला गुपचूप बोलावून आणलं. त्याने उष्णतामापक बुडवला, काढला, पुसला, पुन्हा बुडवला, आणि “माझ्या मुलाचं लग्न आहे, मला यात घेऊ नका,” म्हणून निघून गेला. मग इद्रीसनी तोड काढली: कॉफीच बंद करू, चहा पिऊ. चहाला कसली रीत नाही, कसलं बंधन नाही. झन्नूननी आनंदाने चहा ओतला. चहादाणीतून लालबुंद निघाला, आणि खिडकीजवळच्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत काळा झाला.

पण यापेक्षा वाईट गोष्ट झन्नून कुणाला सांगत नव्हते. त्यांना पिता येत नव्हतं.

पहिल्यांदा कॉफी. ओठाला लावायचे, तिरकी करायचे, गिळायचे, आणि खाली बघावं तर भरलेली. मग चहाचंही तसंच झालं. मग एका दुपारी पाणी. पेला उलटा केला तरी पाणी ओठांपाशी येऊन थबकायचं, परक्याच्या दारात लाजरं पोर थबकतं तसं. कलिंगडाची फोड तोंडात घालावी तर कापूस. वैद्यांनी हाताला सलाईन लावलं. नळीच्या तोंडाशी थेंब आला, फुगला, द्राक्षाएवढा झाला आणि तिथेच लोंबत राहिला. वैद्य बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि फी न घेता गेले. आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस जगला कसा? तेच तर भयंकर होतं. तो जगत होता. नुसती तहान वाढत होती.

“कुणाला दारातून परत पाठवलंत?” एका दुपारी बायकोने विचारलं. राफिदची आई म्हणून तिला सगळे उम्म राफिद म्हणत. ताटात कुब्बा, खिमा भरलेला गोळा, निवत होता.

“कुणाला नाही.”

“अबू राफिद, लग्नाला इतकी वर्षं झाली. तुम्ही खोटं बोलताना भाकरीचे तुकडे करता. बघा, केवढा ढीग झालाय.”

झन्नूननी हात आवरला. मग सगळं सांगितलं. आवाज वाळक्या पानांसारखा येत होता. शेवटी म्हणाले, “तो आत आहे अजून. पुढच्या मंगळवारी चौकशीचा माणूस येणार आहे विभागात. त्याला एवढंच विचारायचंय की वाक्य विभागाचं की मुवफ्फकच्या डोक्यातलं. त्याच्या डोक्यातलं म्हटलं, तर तो सुटत नाही. विभागाचं म्हटलं, तर पुढचा प्रश्न, विभागात कुणाचं?”

उम्म राफिदने भाकरीचे तुकडे एकेक करून गोळा केले. त्यांचा एकुलता एक राफिद तेव्हा सीमेवर लढाईत होता. वरून एक फोन आला की पोराची तुकडी मागच्या खंदकातून पुढच्या खंदकात जाते, हे त्या काळी मोसुलातल्या प्रत्येक आईला माहीत होतं.

“राफिदची आई म्हणून विचाराल तर सांगते, गप्प बसा,” ती म्हणाली. “तोंडाला टाका घाला.”

“आणि?”

“आणि काय? त्या मुवफ्फकलाही आई आहे. काल बाजारात भेटली. मला म्हणाली, बाई, तुमचे साहेब मोठे, ते बोलतीलच. मी भेंडी निवडत राहिले. वर बघवेना.” तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. पेल्यातलं पाणी आपोआप त्यांच्यापासून दूर, पलीकडच्या काठाला जाऊन कललं. तिने ते पाहिलं, ओढणीने तोंड झाकलं आणि आत गेली.

मंगळवार उजाडला. सकाळीच मिझहिरनी झन्नूनना जिन्यात गाठलं.

“डॉक्टर, सोपं आहे. तो विचारेल, कुणाचं. तुम्ही म्हणायचं, त्याचंच. एवढंसं तर आहे. पुढच्या वर्षी अधिष्ठात्याची खुर्ची रिकामी होतेय, माहीत आहे ना?”

“तुम्ही माझ्या वर्गात होतात, मिझहिर,” झन्नून म्हणाले. “पहिल्या बाकावर.”

“मी झोपायचो,” मिझहिर म्हणाले आणि पुढे निघून गेले.

वाचनकक्षाच्या दारात नझीहा भेटल्या. झन्नूननी त्यांनाही विचारलं, “तुम्हीही ऐकलंय ते वाक्य. आपण बरोबरच शिकवायला लागलो. त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर?”

“आम्ही तुमच्याकडे बघत होतो.”

“आणि मी खिडकीकडे.”

“हो,” नझीहा म्हणाल्या. “आम्ही यजमान नव्हतो, डॉक्टर. तेवढ्यावर इतके दिवस झोपतेय मी. झोपतेय म्हणजे, पडतेय.”

चौकशीचा माणूस वेळेवर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चांगली चाळिशी गाठलेला, बोलणं मऊ. अशा माणसांचं बोलणं नेहमी मऊच असतं. बोलीवरून तो वाळवंटाकडच्या कुठल्यातरी टोळीतला वाटत होता. शहरात येऊन शर्ट शिकला होता, पण शब्द तिकडचेच राहिले होते. झन्नूननी रीतीप्रमाणे पहिला फिंजान त्याला दिला, मग बाकीच्यांचे भरले. त्याने तो एका दमात संपवला, मनगट हलवून परत केला.

“कॉफी उत्तम,” तो म्हणाला. “तर, डॉक्टर, एकच प्रश्न…”

आणि त्याची नजर खिडकीकडे गेली.

“तो कुणाचा?”

“कुणाचा नाही, साहेब,” मिझहिर घाईने म्हणाले. “म्हणजे, आहे तो फिंजानच. पण कुणाचा नाही.”

“वाफ येतेय.”

“ऊन आहे, साहेब. उन्हात तसं दिसतं.”

बाहेर आभाळ भरून आलेलं होतं. तो माणूस उठला. खुर्चीपर्यंत गेला नाही, चार हात अलीकडेच थांबला. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले झन्नूनना मागून स्पष्ट दिसले. हा माणूस तळघरात काय काय बघत असेल आणि करत असेल ते अल्लालाच ठाऊक. पण आत्ता तो आजोबांच्या तंबूत बसलेल्या पोरासारखा उभा होता.

“कुणी विचारलं का याला?” तो पुटपुटला.

इद्रीसनी बहिरा कान पुढे केला.

“अरे, शिकली-सवरलेली माणसं तुम्ही! पाहुणा फिंजान खाली ठेवून बसलाय, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही?”

त्या घटकेला झन्नूनांच्या डोळ्यांपुढे राफिद होता. खंदकात, हेल्मेट तिरकं करून झोपलेला, अगदी लहानपणी झोपायचा तसा. जीभ टाळूला चिकटली होती. म्हणावं, त्याचंच. एवढंसं तर आहे. त्यांनी दल्ला खाली ठेवला आणि चालत त्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. जवळ गेल्यावर कळलं, खुर्ची रिकामी असली तरी तिथे अंगाची ऊब होती.

“मुवफ्फक,” ते म्हणाले, “काय गरज आहे?”

काही झालं नाही. इद्रीसनी सुटकेचा श्वास टाकायला छाती भरली.

आणि खुर्चीतून कुणीतरी दोनदा बारीक खोकलं.

इद्रीसचे दोन्ही कान त्या क्षणी ठणठणीत असावेत, कारण तो श्वास त्यांनी बाहेर सोडलाच नाही.

“कळलं,” झन्नून म्हणाले. “पी. झालं समज.” मग ते वळले. “साहेब, लिहून घ्या. पुतळ्याच्या नाकाचं वाक्य माझं आहे. आवारात पुतळा नव्हता तेव्हापासून माझं आहे. मुवफ्फकने ते माझ्याच वर्गात ऐकलं. पुतळा आल्यावर मला भीती वाटली, म्हणून मी तो धडा त्याच्याकडे ढकलला. आता त्याला घरी पाठवा.”

साहेबांचं झन्नूनकडे लक्षच नव्हतं. ते फिंजानकडे बघत होते. आतली कॉफी खाली जात होती. एक घोट. थांबली. दुसरा घोट, सावकाश, खूप दिवसांनी पिणाऱ्याचा. तळाचा गाळ दिसला. मग तो रिकामा फिंजान टेबलावर आपल्या आपणच इकडून तिकडे जरासा हलला. मनगटाने हलवावा तसा. वाफेची दोरी तुटली, आणि खुर्चीमागचं स्वच्छ तावदान हळूहळू धुक्याने भरून गेलं.

झन्नून कोपऱ्यातल्या मडक्यापाशी गेले. ते पाणी प्यायले. मान मागे टाकून, गळ्यावरून ओघळ वाहू देत, उन्हातून आलेल्या उंटासारखं. मडकं रिकामं झालं. यजमान पीत असताना मध्ये बोलायचं नसतं, म्हणून इस्त्रीवाले साहेबही ताटकळत उभे राहिले. मग झन्नूननी मिशी पुसली, कोट घातला आणि म्हणाले, “चला.”

ते दाराबाहेर पडले तेव्हा मागे आवाज आला.

टक.

नझीहांनी आपला भरलेला फिंजान टेबलावर ठेवला होता. साहेबांच्या पाठीकडे त्या सरळ बघत होत्या, जणू आता यजमान तेच.

टक. इद्रीस.

मिझहिरनी घाईघाईने आपला ओठाला लावला. एकदा तिरका केला, दोनदा केला. मग त्यांचा चेहरा असा झाला की सांगायला नको. त्यांनी हळूच, कुणाला दिसू नये अशा बेताने, तो खाली ठेवला. पण टक तर झालंच.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. “काही ऐकू आलं का?” त्यांनी जिन्यात झन्नूनना विचारलं.

“तुम्हाला आलं का?” झन्नून म्हणाले.

गाडीत साहेब ड्रायव्हरशेजारी बसले, झन्नून मागे. पुतळ्याच्या पायाशी गाडी वळली. नाकावर कावळा बसला होता. पुलावर वाहनांची रांग लागली होती, खाली नदी राखाडी, फुगलेली. साहेबांनी कॉलर सैल केली. एकदा खाकरले. मग पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावली.

मागून झन्नूनना बाटली नीट दिसत होती. साहेबांच्या गळ्याची घाटी खालीवर झाली. पुन्हा झाली. बाटलीतलं पाणी रेघभरही खाली आलं नाही.

साहेबांनी बाटली समोर धरून पाहिली. हलवली. पुन्हा लावली.

“तसं उतरायचं नाही ते,” झन्नून मागून म्हणाले, मऊ आवाजात, कुणालाही न दुखवता. “मी सगळं करून पाहिलंय. सलाईनसुद्धा.”

ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली. गाडी पुलाच्या मध्यावर अडकली होती. साहेब कितीतरी वेळ नदीकडे बघत राहिले. कपाळावरून घाम इस्त्रीच्या कॉलरीत शिरत होता. मग त्यांनी बाटली मांडीवर ठेवली, मान पूर्ण मागे वळवली, आणि शहरी शब्द सगळे विसरून, आजोबांच्या तंबूतल्या बोलीत विचारलं,

“काय गरज आहे त्यांची?”

बाटलीच्या तळातून एक बुडबुडा सुटला आणि सावकाश वर आला.